उरलेलं कोण खातं?



एक प्रश्न विचारते. उत्तर मनातल्या मनात द्या, कुणाला सांगायची गरज नाही. काल रात्री तुमच्या घरी जी भाकरी किंवा चपाती उरली, ती आज सकाळी कुणाच्या ताटात होती?

हा प्रश्न मी आमच्या चौथीच्या वर्गाला दिला होता. परिसर अभ्यासात कुटुंब येतं, अन्न येतं, घरातली कामं येतात. धडा वाचून झाला, प्रश्नोत्तरं लिहून झाली, आणि मुलं नेहमीसारखी 'आपण अन्न वाया घालवू नये' असं एका सुरात म्हणून मोकळी झाली. मला काही ते वाक्य पुरेना. म्हणून वहीत तीन रकाने आखायला सांगितले: काय उरलं, त्याचं काय केलं, कुणी खाल्लं. सात दिवस रोज लिहायचं. विचारून नाही, स्वतः बघून लिहायचं, एवढी एकच अट.

सात दिवसांनी वह्या घेऊन बसले. पहिल्या दोन रकान्यांत मजा होती. भाकरीचा चुरा, फोडणीचा भात, आमटीत सोडलेली फळं, वांग्याच्या भाजीचं थालीपीठ. एकीनं तर 'आईने चपातीचा लाडू केला, मला दोन दिले, दादाला एक' असा पक्का हिशेब मांडला होता. तिसऱ्या रकान्यात मात्र पानामागून पान एकच शब्द. आई. आई. आई. कुठं कुठं आजी. एका वहीत 'शेळी' आणि एकीत 'आमचा कुत्रा'. बाबा हा शब्द मी शोधत होते. तो दोन-तीन ठिकाणी सापडला, आणि त्यातल्या एका ठिकाणी पुढं कंसात लिहिलेलं होतं, 'आई गावाला गेली होती'.

हसू आलं, पण वही लगेच मिटवता आली नाही.

आधी शिळ्या अन्नाबद्दलच बोलू, कारण त्याची बाजू घेणारं आता कुणी उरलेलं नाही. माझं माहेर शिरूर तालुक्यातलं, न्हावऱ्याच्या बाजूचं. सासर दौंड तालुक्यातलं. पारगावला भीमा ओलांडली, चौफुला आला की आम्ही सासरच्या हद्दीत. नदीच्या दोन्ही अंगांना भाकरी बाजरीची, उन्हाळ्यात ज्वारीची. आणि दोन्हीकडं सकाळची पहिली भूक भागवायला रात्रीची भाकरीच. बाजरीची भाकरी रात्रभर झाकून ठेवली की सकाळी ती ताकात कुस्करायची, वर चिमूटभर मीठ आणि लसणाची चटणी. ऊस तोडायला किंवा कांदे लावायला निघालेल्या माणसाला यापेक्षा सोपी न्याहारी दुसरी नसेल. शिळ्या चपातीचा कुस्करा करायचा तर चपाती हातानंच चुरायची. मिक्सरला लावली तर पीठ होतं आणि फोडणीत गोळा बसतो. कांदा जरा जास्त, शेंगदाणे आधी खरपूस तळून घ्यायचे, पाण्याचा हबका मारून दोन मिनिटं झाकण. गूळ-तूप घालून मळली की तिचाच मलिदा. उरलेली आमटी पातळ करून तिला उकळी आणायची, कणकेच्या शंकरपाळ्यासारख्या चकत्या सोडायच्या, की झाल्या चकोल्या. त्याला आम्ही कधी 'उरलेलं' म्हटलंच नाही, चकोल्याच म्हटलं. श्रावणात शिळासप्तमीला तर चूल थंड ठेवून आदल्या दिवशीचं खायचं, हा नेमच आहे. म्हणजे शिळ्याला आपल्याकडं एक सणसुद्धा आहे.

हे ज्ञान आहे, आणि बारीक ज्ञान आहे. कुठलं अन्न टिकतं, कुठलं टिकत नाही, हे आपल्या आयांना पुस्तकाशिवाय माहीत असतं. भाकरी कोरडी, म्हणून टिकते. भात ओला, म्हणून त्याच्याशी खेळायचं नाही. इथं मात्र पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शिजवलेला भात तासन्‌तास ओट्यावर कोमट राहिला तर त्यात जे जंतू वाढतात, त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. वास चांगला येतो, चव चांगली लागते, आणि दोन-चार तासांत पोरगं ओकायला लागतं. तेव्हा फोडणीचा भात करायचा असेल तर रात्रीच, दोन तासांच्या आत, पसरून गार करून फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल तर उरेल एवढा भात लावूच नका. भाकरीचं बिनधास्त करा.

मुलांना मात्र याची लाज वाटायला लागली आहे. डब्यात कुस्करा असला की झाकण अर्धंच उघडतं. पाकिटातल्या नूडल्सला ही लाज नाही, आणि ते पाकीट कधीचं आहे हे कुणी विचारत नाही! असो. लाजेचा विषय वर्गात एका दिवसात सुटला. मी माझ्या डब्यात कुस्करा नेला आणि मुलांत बसून खाल्ला. दुसऱ्या दिवशी तीन डबे पूर्ण उघडले.

पण तिसरा रकाना असा डबा उघडून सुटणारा नव्हता.

आमच्या घरातली गोष्ट सांगते. माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. सासऱ्यांना मामा म्हणायचे, ते आता नाहीत. त्यांच्या घरात घोंगड्यांचा माग होता. खड्ड्याचा माग. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून विणणारा बसतो, समोर ताणा पसरलेला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते, कारण शाळेत 'आपले व्यवसाय' शिकवताना आपण कुंभार, सुतार, लोहार म्हणतो आणि घोंगडी विणणारा सनगर राहून जातो.

आपल्या भागात धनगरांची मेंढरं आहेत, दख्खनी जातीची. पावसाळ्यात ती इकडं पठारावर असतात, दिवाळीनंतर बरेच कळप घाट उतरून कोकणात जातात. वर्षातून दोनदा लोकर कातरतात. ती लोकर विंचरून, पिंजून तिचे पेळू करायचे. पेळूतून चरख्यावर सूत काढायचं. सुताचा ताणा लावला की त्याला खळ द्यायची. खळ चिंचोक्याची. चिंचोके भाजून, साल काढून, दळून त्याची लापशी शिजवायची आणि ती कुंच्यानं ताण्यावर एकसारखी ओढायची. लोकरीचं सूत केसाळ असतं, एकमेकांत अडकून तुटतं. खळीनं ते गुळगुळीत आणि ताठ होतं. मग मागावर विणकाम. काळी मेंढी असली तर रंग द्यायची गरज नाही, काळा रंग अंगचाच. नवी घोंगडी टोचते, वापरून वापरून मऊ पडते. हलक्या पावसात डोक्यावरून तिची खोळ घेतली की पाणी वरच्यावर निथळून जातं. जागरणाला अंथरायला, रानात राखणीला, बाळंतिणीच्या खोलीत, सगळीकडं घोंगडी लागायची.

आता हिशेब बघा. पिंजणं, पेळू करणं, सूत काढणं, चिंचोके भाजून खळ शिजवणं, हे सगळं आत्यांचं. धोटा टाकणं मामांचं. एक घोंगडी विणायला जेवढे दिवस लागायचे, त्याच्या कितीतरी पट दिवस तिचं सूत काढण्यात जायचे. आणि ते दिवस वेगळे नसायचेच. चुलीवर आमटी उकळतेय तोवर चार पेळू. पोरं निजली की आणखी चार. गाव मात्र म्हणायचं, 'मामांची घोंगडी'. बाजारात पैसे मामांच्या हातात यायचे. मामा वाईट नव्हते हो, फार मायाळू माणूस. पण घोंगडी त्यांची होती, यात कुणाला, आत्यांनाही, कधी शंका आली नाही.

२०१९-२० मध्ये देशात चौथी हातमाग गणना झाली. हातमाग आणि त्याला लागून असलेल्या कामांत ३५ लाखांवर माणसं आढळली, आणि त्यांत साधारण ७२ टक्के बायका. 'विणकर' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कोण आलं? मुलांना चित्र काढायला सांगून बघा. माझ्या वर्गात सगळ्यांनी मिशा काढल्या.

माग बंद होऊन बरीच वर्षं झाली. गिरणीच्या मऊ ब्लँकेटपुढं घोंगडी टिकली नाही, आणि दख्खनी लोकर जाड म्हणून तिला भाव नाही. आत्यांचा चरखा मात्र राहिला. ओळखीचा एक धनगर कळप परतला की पिशवीभर लोकर आणून देतो आणि आत्या दुपारी सूत काढत बसतात. कशाला, असं विचारलं की म्हणतात, 'हाताला चाळा.' त्या सुताच्या त्यांनी नातवंडांसाठी बसायच्या चौकोनी पट्ट्या विणल्या, लाकडी चौकटीला खिळे मारून, त्यावर हातानंच ताणा-बाणा घालून. तीच चौकट मी शाळेत नेली. तिसरी-चौथीची मुलं तिच्यावर सुतळीनं विणायला शिकली. एक वर, एक खाली, पुढच्या ओळीत उलटं. सम-विषम संख्या मी आता तिथंच शिकवते. फळ्यावर शिकवलेल्यापेक्षा जास्त टिकते.

तर त्याच आत्यांचं सूत तुटायला लागलं. आधी आम्हाला वाटलं लोकर खराब असेल. मग त्या भिंत धरून उठायला लागल्या. विचारलं की एकच उत्तर, 'काय नाय गं, पित्त झालंय.' पित्तावर आमसुलाचं पाणी. पाय दुखले की तेल. धाप लागली की 'वय झालं'. बोटांना मुंग्या येतात हे तर त्यांनी मला नाही, माझ्या मुलाला सांगितलं, तेही सूत ओवायला मदत मागताना.

घरगुती उपायांची मी चेष्टा करणार नाही. सर्दीला ओव्याचा शेक, घसा धरला की मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, हे आमच्या घरीही चालतं. जुलाब झाले तर मी स्वतः मुलांना साखर-मिठाचं पाणी करायला शिकवते. एक लीटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट भरलेले सहा छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ वाढवायचं नाही, चमचा तोच ठेवायचा. हेही घरगुतीच आहे, आणि याच साध्या तत्त्वावर १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या असंख्य रुग्णांना वाचवलं. पण प्रत्येक घरगुती उपायाला एक मुदत असते. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला की काढा बंद आणि बेडका तपासायचा. जुलाबात बाळ मलूल झालं, लघवी कमी झाली, की साखर-मिठाचं पाणी पाजत पाजतच दवाखाना गाठायचा. ही मुदत मुलांच्या बाबतीत आया बिनचूक पाळतात. स्वतःच्या बाबतीत त्यांच्याकडं मुदतच नसते. मुलाला ताप आला तर दुसऱ्या दिवशी केसपेपर निघतो, स्वतःची धाप दोन-दोन वर्षं 'किरकोळ' असते.

२०२२ च्या नवरात्रात सरकारनं 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' ही मोहीम काढली. अठरा वर्षांवरच्या बायकांची तपासणी होती. शिक्षकांना आठवत असेल, आपणही प्रभातफेऱ्या काढल्या होत्या. आमच्या गल्लीतल्या बायका एकमेकींना ओढत गेल्या, त्यात आत्याही गेल्या. एकटं जायला सांगितलं असतं तर गेल्या नसत्या. हिमोग्लोबिन निघालं ८.४. बाईमाणसाचं १२ च्या खाली गेलं की पंडुरोग धरतात. पुढच्या तपासणीत ब-१२ जीवनसत्त्वही कमी निघालं. मुंग्या बहुधा त्याच्याच, असं डॉक्टर म्हणाले. पोटातून कुठं रक्त जात नाही ना, हेही त्यांनी तपासायला लावलं. या वयात नुसत्या गोळ्या देऊन भागत नाही, कारण शोधावं लागतं.

घरी येऊन आम्ही विचार करत बसलो. बाजरी तर आमच्याकडं रोजची, आणि बाजरीत लोह असतं असं मीच वर्गात शिकवते. मग कमी कसं? डॉक्टरांनीच समजावलं. धान्यातलं लोह अंगी लागायला सोबत लिंबू, आवळा, टोमॅटो असं काही आंबट हवं, आणि जेवणाला चिकटून चहा नको. ब-१२ तर भाकरीत नसतंच, ते दुधादह्यातून, अंड्यातून, मटणातून मिळतं. आता आत्यांची सकाळ बघा. पहाटे उठून धार. दूध डेअरीला. जे राहिलं ते नातवंडांना आणि चहाला. सगळ्यांची न्याहारी झाली की उरलेली भाकरी, चटणी, आणि त्यावर कपभर कडक चहा. ताक असलं तर आधी मुलांना. लिंबू पाहुणा आला तरच कापलं जायचं. वर्षानुवर्षं हेच ताट. म्हणजे भाकरी शिळी होती हे दुखणं नव्हतंच. तीच भाकरी ताकात कुस्करून लिंबाच्या फोडीबरोबर खाल्ली असती तर चांगलंच अन्न होतं. आत्यांच्या ताटात भाकरी यायची आणि ताक दुसऱ्याच्या पेल्यात जायचं.

हे काही एकट्या आमच्या घरचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. निम्म्याहून जास्त. तुमच्या पालकसभेला आलेल्या आयांकडं एकदा या नजरेनं बघा. आणि २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत देशातल्या घरकाम करणाऱ्या बायका बिनपगारी घरकामाला दिवसाचे सरासरी २९९ मिनिटं देतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७, असं निघालं. वजाबाकी मुलांना करू द्या. आमच्या वर्गानं ती केली, २०२ आलं, मग एकानं हात वर करून विचारलं, 'बाई, २०२ मिनिटं म्हणजे किती तास?' तीन तास बावीस मिनिटं. वर्ग जरा गप्प झाला.

बायकांनी आपलं दुखणं न सांगणं ही जुनी गोष्ट आहे. आमच्या दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती सदन आहे, रेल्वेनं जाताना तुम्ही ते स्टेशन ओलांडलं असेल. रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात हंटर आयोगापुढं साक्ष द्यायला उभ्या राहिल्या. आयोग शिक्षणाचा होता. त्यांनी बायकांसाठी शिक्षिका मागितल्या आणि त्याच साक्षीत स्त्री-डॉक्टरही मागितल्या. पुरुष डॉक्टरला दुखणं सांगण्यापेक्षा बायका मरण पत्करतात, हे त्यांनी सरकारच्या कानावर घातलं. तेव्हा त्या होत्या अवघ्या चोवीस वर्षांच्या. पुढं १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुली आणि विधवा त्यांनी केडगावला आणल्या. तिथं त्यांना लिहा-वाचायला शिकवलं, आणि त्याबरोबर हातमागावर विणायला, छापखान्यात काम करायला, दुधदुभतं बघायला शिकवलं. विणायला शिकलेली बाई आपल्या विणलेल्याची मालकीण असावी, एवढं साधं त्या कामामागं होतं, असं मला तरी वाटतं. रमाबाईंनी पत्करलेल्या धर्माबद्दल आपल्याकडं पुष्कळ वाद झाले, ते इथं नकोत. पण शिक्षण आणि बायकांचं दुखणं एकाच साक्षीत मांडणारी बाई आपल्याच तालुक्यात येऊन राहिली होती, हे आपल्या मुलांना माहीत असावं. सहलीला आपण रांजणगावला नेतो, सिद्धटेकला नेतो. केडगाव कुणाच्या यादीत नसतं.

परत घराकडं. आत्यांना लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. आठच दिवसांत त्यांनी गुपचूप बंद केल्या, कारण शौचाला काळी व्हायला लागली आणि त्या घाबरल्या. ही गोष्ट पालकांना आवर्जून सांगा. लोहाच्या गोळीनं तसं होतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळ झाली तर जेवणानंतर घ्यायची, पण सोडायची नाही. शाळेत आपण पहिली ते पाचवीच्या मुलांना आठवड्याची गुलाबी गोळी देतो, मोठ्यांना निळी. तेव्हा घरी ही सूचना गेली तर आईच्या गोळ्याही चालू राहतात, असा माझा अनुभव आहे. मुलगा आईला म्हणतो, 'मी घेतो, तू पण घे.' त्यापुढं आईचं काही चालत नाही.

ताटाचं अवघड गेलं. 'आता तुम्ही आमच्याबरोबर बसायचं' असं म्हटलं की आत्या बसायच्या, आणि दोन घास खाऊन वाढायला उठायच्या. शेवटी माझ्या मुलानं वर्गातला तिसरा रकाना घरच्या कॅलेंडरवर आणला. उरलेली भाकरी ज्याच्या वाराला येईल त्यानं खायची. सोमवार बाबा, मंगळवार मी, बुधवार आई, असं करत आजीचा एकच वार. बाबांनी पहिल्या सोमवारी भाकरीकडं असं बघितलं की जणू तीही एखादी परीक्षाच. आत्यांना तर हे अजिबात पटलं नाही. 'माणसांना शिळं घालतेस व्हय गं?' 'माणसं' म्हणजे कोण, ते शिरूर-दौंडकडच्या वाचकांना सांगायला नको. आजही त्या भाकरी लपवतात. मागच्या महिन्यात पिठाच्या डब्यात कापडात गुंडाळलेली एक सापडली.

तुम्हाला वर्गात हा उपक्रम करायचा असेल तर काही सांगते. वह्या मोठ्यानं वाचून दाखवू नका. काही घरांत काहीच उरत नाही, आणि 'काही उरलं नाही' हे सात दिवस लिहिणारं मूल तुमच्या वर्गात असू शकतं. त्याची वही तुम्ही एकट्यानं वाचायची आणि पोषण आहाराच्या वेळी त्याच्या ताटाकडं लक्ष ठेवायचं. आयांना बोलावून भाषण देऊ नका, त्यांना आधीच पुष्कळ जण सांगत असतात. बाबांना बोलवा. आमच्या पालकसभेला एक वडील आले, वही चाळली आणि म्हणाले, 'बाई, हे परीक्षेत येणार का?' मी म्हटलं, नाही. मग ते बराच वेळ तिसरा रकाना बघत उभे राहिले. त्यांनी पुढं काय केलं ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

आणि विणकामाची चौकट जमली तर नक्की करा. चार लाकडी पट्ट्या, दोन समोरासमोरच्या बाजूंना बोटभर अंतरावर खिळे, आणि जाड सुतळी. खिळे मोठ्या माणसानं मारावेत, त्यांची टोकं वाकवावीत. पहिली पट्टी वाकडीतिकडीच होते, ती उसवू नका. आमच्या वर्गात पट्टी पूर्ण झाली की मागच्या बाजूला विणणाऱ्याचं नाव सुईदोऱ्यानं घालतो. आत्यांनीही त्यांच्या एका पट्टीवर नाव घालून घेतलं. अक्षरं नातवानं काढून दिली, दोरा त्यांनी भरला.

हिमोग्लोबिन आता साडेदहावर आलंय. पुढची तपासणी ज्येष्ठातली होती, नेमकी तुकोबांची पालखी यवत, वरवंडला असते त्या दिवसांतली. यवतला वारकऱ्यांना पिठलं-भाकरी असते, आणि तिथं भाकरी थापायला आत्या दरवर्षी जातात. 'तपासणी काय, पुढच्या महिन्यात करू,' म्हणाल्या. नातवानं केसपेपर काढला, तारीख बघितली, आणि कॅलेंडरवर पालखीच्या आदल्या आठवड्यातला वार गोल केला. आता तो रोज सकाळी त्यांना किती दिवस राहिले ते सांगतो, आणि त्या त्याला रोज सांगतात की त्यांना ऐकू येत नाही.